जमीन दिसली पाहिजे

साडी घ्यायला गेलं की आपण काय करतो? दुकानदार गादीवर पन्नास साड्या उलगडतो. त्यातल्या दोन आपण बाजूला काढतो आणि त्या घेऊन थेट दुकानाच्या दारापर्यंत जातो. दिव्याखाली मोरपंखी वाटलेला रंग उन्हात भलताच हिरवा निघतो, हे आपल्या आईने आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मग पदर खांद्यावर टाकून बघायचा, काठ हातावर धरून बघायचा, सोबतच्या वहिनीला विचारायचं. एवढं सगळं वर्षातून चारदा नेसायच्या साडीसाठी!

आणि जिच्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज चालायचं, मुलांना रांगताना बघायचं, पाटावर बसून जेवायचं, त्या जमिनीचा रंग मात्र आपण शोरूमच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली, तळहाताएवढ्या तुकड्यावरून, पंधरा मिनिटांत ठरवून मोकळे होतो. फार तर सोफ्याला शोभेल का, एवढा विचार करतो.

बेंगळुरूच्या आमच्या घरात जमिनीचा रंग ठरायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत रंगांबद्दल मी पुष्कळ शिकले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आमच्याच घरातल्या एका माणसाची एक अडचण, जी तिने वर्षभर कुणाला कळू दिली नव्हती, ती त्या रंगामुळे बाहेर आली. म्हणून हा लेख.

शहाबादीपासून लाल गाऱ्यापर्यंत

मराठी घरांची जमीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आजोळचं शेणाने सारवलेलं अंगण, वाड्यातला कोबा, चाळीतली शहाबादी फरशी, नंतरच्या फ्लॅटमधली मोझेइक टाइल आणि स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा. गंमत अशी, की ज्या शहाबादीवर महाराष्ट्राच्या किती तरी पिढ्या वाढल्या ती मुळात कर्नाटकची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावच्या खाणींनी तिला नाव दिलं. कडप्पा आंध्रचा. आपली मराठमोळी घरं अशी शेजाऱ्यांच्या दगडावर उभी आहेत.

लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा सासरच्या घराची जमीन बघून मला आधी नवल वाटलं. मल्लेश्वरममधलं जुनं घर. माझे आजेसासरे बेळगावहून नोकरीसाठी इथे आले आणि १९५४ साली त्यांनी ते बांधलं. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बेंगळुरूच्या जुन्या वसाहती. १८९८ च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या पेठांतून लोक मोकळ्या हवेत राहायला निघाले आणि या वसाहती भरत गेल्या. तिथल्या जुन्या घरांची एक खूण म्हणजे लाल जमीन. फरशी नाही, सांधा नाही, एका खोलीत एक अखंड लाल पट्टा, आणि कडेने हातभर अंतर सोडून काळी किनार. इंग्रजीत तिला रेड ऑक्साइड म्हणतात, कानडीत गारे.

ही जमीन करायची रीत सासूबाईंकडून मी ऐकली आहे. खाली चुन्याचा किंवा सिमेंटचा कोबा, त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि तो ओला असतानाच वर सिमेंट आणि लाल ऑक्साइडची पूड मिसळून केलेला पातळ थर. एका खोलीचं काम एका दमात संपवायचं, नाही तर सांधा दिसतो. मग लोखंडी थापीने घोटत राहायचं, तासन् तास. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, त्यावर पाणी साठवून ठेवायचं. शेवटी मेण किंवा खोबरेल तेल लावून चोळायचं. पुढचं काम घरातल्या माणसांचे पाय करतात. जितकी वर्षं जातील, तितकी ती जमीन अधिक तुळतुळीत होते.

तो लाल रंग म्हणजे तरी काय? लोखंडाचा गंजच. गेरू तोच, कोकणातल्या जांभ्या दगडाचा रंग तोच, बेंगळुरूच्या मातीचा रंगही तोच. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी नक्षी दिसते. पांढऱ्या चुन्यावर लाल थर देऊन तो कोरून काढायचा, की आतला पांढरा उमटतो. ती कावही याच घराण्यातली. अजिंठ्याच्या चित्रांतही लाल आणि पिवळा गेरू आहे. ऊन आणि चुना, सिमेंट यांच्यासमोर टिकून राहणारा रंग म्हणून माणसाने लोहमातीला हजारो वर्षं जवळ ठेवलं आहे. ही गोष्ट पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

घर गेलं, फ्लॅट आला

बेंगळुरूतल्या जुन्या घरांचं जे होतं तेच आमच्याही घराचं झालं. घर तीन भावांचं, देखभाल कुणा एकाला झेपेना. बिल्डरशी करार झाला, घर पाडून तिथेच चार मजली इमारत उभी राहिली. जमीन आपली, बांधकाम त्याचं, फ्लॅट वाटून घ्यायचे. इथे ही पद्धत सर्रास आहे. बांधकाम होईपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात होतो. घर पाडायच्या आधल्या दिवशी सासूबाईंनी मजुराकडून त्या लाल जमिनीचा वीतभर तुकडा काढून घेतला आणि गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिला. कुणी काही बोललं नाही.

फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा सगळ्या खोल्यांत बिल्डरने घातलेल्या फरश्या होत्या. मोठ्या, फिक्या पिवळसर, आरशासारख्या चकचकीत. नव्वद टक्के नव्या घरांत असतात त्याच. गॅलरीतून दुपारचं ऊन आत आलं की जमिनीकडे बघवेना. शिवाय पाणी सांडलं तर कळायचं नाही आणि पाय घसरायचा. सासूबाईंचं वय ७६, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काचबिंदूचे थेंब चालू. ही जमीन बदलायची हे पहिल्याच दिवशी ठरलं.

फरश्या फोडायच्या म्हणजे धूळ, आवाज, राडारोडा आणि खालच्या मजल्यावरच्या चुलत जावेची नाराजी. तेव्हा नवऱ्याच्या मित्राने मायक्रोसिमेंटचं नाव सुचवलं.

मायक्रोसिमेंट म्हणजे बारीक दळलेलं सिमेंट, अगदी बारीक खडीची भुकटी, रंग आणि त्यात पॉलिमर, म्हणजे चिकटून राहणारा प्लॅस्टिकसारखा पदार्थ. हे मिश्रण थापीने थरावर थर असं लावतात. सगळे थर मिळून जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे जुनी फरशी न फोडता तिच्यावरच लावता येतं, दारं खालून कापावी लागत नाहीत आणि स्लॅबवर ओझंही पडत नाही. शेवटी वर पारदर्शक लेप देतात, त्याला सीलर म्हणतात. सांधा नसलेली अखंड जमीन! मला तर ही आपल्या लाल कोब्याची शहरात शिकून आलेली नातच वाटली. जगभर अशी नाती सापडतात. राजस्थानात चुन्यात संगमरवराची पूड घालून अकीकाच्या दगडाने घोटलेली अराइश आहे, मोरोक्कोत चुन्याचा गिलावा साबणाने आणि गोट्याने घोटून केलेलं ताडेलाक्त आहे. घोटण्याची मेहनत सगळीकडे सारखीच.

साध्या व्हिट्रिफाइड फरशीपेक्षा हे काम पुष्कळ महाग पडतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून आम्ही दिवाणखाना, सासूबाईंची खोली, मधला बोळ आणि त्यांचं न्हाणीघर एवढ्यापुरतंच करायचं ठरवलं.

राखाडी रंगाचं राज्य

ठेकेदार रंगांचं कार्ड घेऊन आला. तीस-पस्तीस छटा, पैकी वीसेक राखाडी. पावसाळी ढग, ओली वाळू, कबुतर, राख, धूर, अशी त्यांची नावं मीच मनातल्या मनात पाडली. आजकाल हीच फॅशन आहे, जमीन राखाडी, भिंत राखाडी, न्हाणीघर तर खालपासून वरपर्यंत एकाच रंगात. फोटोत ते फार देखणं दिसतं, खोली मोठी वाटते. नवऱ्याला तेच हवं होतं आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्या आवडीचं घर त्याला आयुष्यात पहिल्यांदा करायला मिळत होतं.

ठेकेदाराला मी एकच अट घातली. कार्डावरून काही ठरणार नाही, एक फूट बाय एक फूट आकाराचे नमुने करून दे, सीलरसकट. सीलर लावल्यावर रंग थोडा गडद होतो, हे त्यानेच सांगितलं होतं. आठ दिवसांनी पाच फळ्या आल्या. दोन राखाडी, एक वाळूचा रंग, एक फिका पिवळसर, एक गेरू. आम्ही त्या दिवाणखान्यात जमिनीवर मांडल्या आणि सासूबाईंना बघायला बोलावलं.

त्या दारातून आत आल्या आणि एका राखाडी फळीला अडखळल्या. नवऱ्याने हात धरला म्हणून पडल्या नाहीत.

"आई, अहो फळी आहे तिथे," मी म्हणाले.

"कुठे आहे फळी?" त्या म्हणाल्या. मग खाली वाकून हाताने चाचपत म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं सगळी जमीनच आहे."

दुपारची वेळ होती, खोलीत भरपूर उजेड होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी त्यांना हळूच विचारलं, "यातल्या कोणत्या फळ्या तुम्हाला दिसतात?" त्यांनी गेरूकडे बोट दाखवलं. वाळूचा रंग आणि फिका पिवळसर त्यांना बिल्डरच्या फरशीतून वेगळे काढताच येत नव्हते. दोन राखाडींपैकी गडद होती ती दिसली, फिकी नाहीच.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. भाड्याच्या घरात त्या बोळातून भिंतीला हात लावून का चालायच्या, स्टीलच्या ताटात पांढरा भात वाढला की शेवटी चार शितं का राहायची, संध्याकाळी देवळात जाणं त्यांनी "गुडघे दुखतात" म्हणून का बंद केलं. विचारलं तर म्हणाल्या, "वर्षभर असंच आहे. तुम्ही दोघं घराच्या गडबडीत. उगीच कशाला सांगायचं?"

त्याच आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू कमी होत जाते आणि माणूस मान वळवून, हाताने चाचपून वेळ मारून नेतो. गेलेली नजर परत येत नाही. फक्त राहिलेली टिकवता येते. डॉक्टरांनी नजरेच्या क्षेत्राची तपासणी केली, आधीच्या कागदांशी ताडून पाहिली. नुकसान वाढलेलं होतं. त्यांनी थेंब बदलून दिले. आणि आम्ही जमिनीचा विषय काढल्यावर म्हणाले, "नुसतं बारीक अक्षर वाचता येणं म्हणजे नजर नव्हे. एका छटेतून दुसरी छटा वेगळी दिसणं ही वेगळी शक्ती आहे, वयाने आणि या आजाराने ती कमी होते. घरात जमीन, भिंत आणि उंबरठा यांच्या रंगांत फरक ठेवा."

काळ्या किनारीचं काम

दवाखान्यातून परत येताना रिक्षात सासूबाई गप्प होत्या. सँकी तलावापाशी सिग्नलला त्या एकदम म्हणाल्या, "माझ्यासाठी घर बिघडवू नका रे. तुम्हाला राखाडी आवडतं ना, तेच घाला. मी अशी किती दिवसांची?"

नवऱ्याने उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री त्याने कपाटातला तो लाल तुकडा काढून टेबलावर ठेवला. तुकड्याच्या एका कडेला बोटभर काळी किनार होती. तो म्हणाला, "आई त्या घरात कधी अडखळली नाही. दिवे गेले तरी नाही."

सवय होती हे खरंच. पण सवयीखेरीज आणखी काही तरी होतं. लाल जमीन, पांढऱ्या चुन्याच्या भिंती, आणि दोघींच्या मध्ये काळा पट्टा. जमीन कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते, दार कुठे आहे, हे ती किनार डोळ्याला सांगत होती. आपण तिला नक्षी समजत होतो. घडवणाऱ्या गवंड्याने ती शोभेसाठी केली असेल, पण साठ-पासष्ट वर्षं ती म्हाताऱ्या माणसांना वाट दाखवत होती.

याला मापही आहे. प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो याचा अंक असतो. ठार काळ्याचा शून्याजवळ, शुभ्र पांढऱ्याचा शंभराजवळ. चांगल्या रंगांच्या कार्डावर तो छापलेला असतो, नसेल तर विचारला की मिळतो. कमी दिसणाऱ्यांना सार्वजनिक इमारतींत वावरता यावं म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत जमीन आणि भिंत अशा लगतच्या पृष्ठभागांच्या अंकांत तीसचा फरक ठेवायला सांगितलं आहे. लक्षात घ्या, रंग वेगळे असून भागत नाही. फिका हिरवा आणि फिका गुलाबी रंग म्हणून वेगळे, पण उजेड सारखाच फेकत असतील तर अधू नजरेला एकच दिसतात. मोबाइलवर खोलीचा काळा-पांढरा फोटो काढा. त्यात जमीन आणि भिंत एकमेकींत मिसळून गेली, तर घरातल्या आजीलाही ती तशीच दिसण्याचा संभव आहे. ही तपासणी फुकट आहे.

रंग कसा पारखला

आता आम्ही गेरू, विटकरी आणि गडद मातकट रंगांच्या आणखी चार फळ्या करून घेतल्या आणि साडीसारख्याच त्या पारखल्या.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी प्रत्येक खोलीत त्या ठेवून पाहिल्या. उत्तरेकडून येणारा उजेड थंड, निळसर असतो. त्यात विटकरी रंग मलूल दिसला. पश्चिमेच्या उन्हात तोच भडक झाला. पावसाळ्यात बेंगळुरूचं आकाश दिवस दिवस ढगाळ असतं, त्या उजेडात राखाडी फळी आणखी उदास वाटली. नंतर दिवे बदलून पाहिले. पिवळट दिव्यात गेरू उबदार, पांढऱ्याफटक दिव्यात तपकिरी. म्हणून आधी घरातले दिवे ठरवावेत आणि मग जमीन.

फळी नेहमी जमिनीवर आडवी ठेवून, उभं राहून पाहावी. भिंतीला टेकवून उभी केलेली फळी वेगळा उजेड घेते. आणि लहान तुकड्यावर गोड वाटलेला रंग अख्ख्या खोलीत पसरला की दुप्पट तेजदार वाटतो, त्यामुळे मनात भरलेल्या रंगाहून एक पायरी शांत रंग घ्यावा.

रंगद्रव्य कोणतं हेही विचारावं. लाल, पिवळा, तपकिरी, काळा या छटा बहुधा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात, उन्हात आणि सिमेंटमध्ये त्या टिकतात. भडक जांभळे-गुलाबी रंग गॅलरीच्या दाराशी, उन्हात फिके पडणार नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

स्वयंपाकघरात ही जमीन केली नसली तरी आपल्या घरात हळद कुठे जात नाही? फळ्यांवर मी हळदीचं पाणी, चिंचेचा कोळ, तेल आणि लिंबाचा रस टाकून रात्रभर ठेवला. चांगला सीलर लावलेल्या फळीवरून तेल, चिंच सहज निघाली. हळदीचा पुसट डाग फिक्या फळीवर राहिला, गेरूवर दिसलाच नाही. लिंबू रात्रभर राहिलं तिथे चकाकी किंचित मेली.

चकाकी हवी की नको

रंगानंतर प्रश्न फिनिशचा. सीलर मंद, रेशमी आणि चकचकीत अशा तीन प्रकारांत मिळतो. चकचकीत जमिनीत रंग खोल आणि सुंदर दिसतो, जुन्या लाल जमिनीच्या जवळ जातो. पण खिडकीचं प्रतिबिंब तिच्यात पडतं आणि अधू डोळ्याला ते पाणी सांडल्यासारखं किंवा खड्ड्यासारखं वाटतं. ओरखडेही तिच्यावर लवकर दिसतात. अगदी मंद फिनिशवर उजेड पसरून पडतो, डोळ्याला त्रास होत नाही; मात्र तेलकट पावलांचे ठसे उठतात आणि पुसायला जरा जास्त जोर लागतो. आम्ही खोल्यांना मंद फिनिश घेतलं.

न्हाणीघराचा विचार वेगळा. घसरण्याला युरोपात आर-९ ते आर-१३ अशा पायऱ्या आहेत, अंक जितका मोठा तितकी पकड जास्त. ओल्या जागेसाठी सीलरमध्ये बारीक दाणे मिसळून खरखरीतपणा आणता येतो. नमुन्याची फळी ओली करून, साबणाचं पाणी टाकून त्यावर अनवाणी उभं राहून पाहा, कुणाचा तरी हात धरून. मधुमेहाने सासूबाईंच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यामुळे पाय घसरतोय हे त्यांना उशिरा कळतं. तिथे आम्ही देखणेपणाला नमस्कार केला आणि खरखरीत जमीन घेतली. पांढऱ्या कमोडच्या मागची भिंत आणि खालची जमीन मुद्दाम गडद ठेवली. सगळंच पांढरं असतं तेव्हा बसायची जागा शोधावी लागते. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नसतं.

मेस्त्री आणि दोन मिलिमीटर

काम करायला आलेला मेस्त्री चाळिशीचा होता. त्याचे वडील लाल गाऱ्याची कामं करायचे. सासूबाई त्याच्याशी कानडीत तासभर बोलत बसल्या. त्यांनी कपाटातला तुकडा त्याला दाखवला आणि म्हणाल्या, असाच रंग हवा. त्याने तुकडा अंगठ्याने चोळून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "अम्मा, रंग जवळ आणतो. पण ही चमक पावलांची आहे, ती माझ्या डब्यात नाही." त्याच्या त्या खरेपणावर सासूबाई खूश झाल्या.

मायक्रोसिमेंट करायचं तर काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. खालची प्रत्येक फरशी नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ वाजली तर काढून पक्की बसवावी. सांधे आधी भरून सपाट करावेत, नाही तर काही महिन्यांनी त्यांच्या रेघा वर उमटतात. तळमजल्यावर असाल तर दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. खाली दव धरलं तर जमिनीत ओल आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. थर पातळ असल्याने खालच्या स्लॅबला तडा गेला तर वरही जाणार, म्हणून आत काचेच्या तंतूंची जाळी घालतात. ती घातली का, हे बघत उभं राहा. इमारतीचे प्रसरण-सांधे झाकून टाकू नयेत.

प्राइमर, जाळी, दोन जाड थर, दोन बारीक थर आणि शेवटी सीलरचे हात. मधल्या प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यायचा आणि घासून घ्यायचं. दोन-तीन दिवसांनी चालता येतं, पण पूर्ण घट्ट व्हायला महिनाभर लागतो. तोवर जड कपाटं ओढू नयेत, पाणी साचू देऊ नये, जमिनीवर सतरंजी-चटई अंथरून ठेवू नये. पाणी अडवतो तो सीलर, सिमेंट नव्हे. तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो. पुसायला सौम्य साबण पुरे; अ‍ॅसिड आणि ब्लीच यांना दारातच अडवा.

आणि हो, थापीच्या खुणा, ढगाळ छटा राहणारच. हाताचं काम आहे. फरशीसारखा एकसारखा रंग हवा असेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

आता

आमच्या दिवाणखान्यात गडद राखाडी जमीन आहे, नवऱ्याच्या आवडीची, आणि भिंती जवळजवळ पांढऱ्या. सासूबाईंची खोली आणि बोळ गेरूच्या रंगात. दोन्हींना कडेने काळी किनार. ती काढायला मेस्त्रीने जास्तीचा दिवस घेतला, पैसेही घेतले. खोलीच्या उंबरठ्याशी रंग बदलतो, त्यामुळे आपण कुठे आलो हे त्यांना खाली न चाचपता कळतं. बोळात दिव्यांची पट्टी खाली, जमिनीलगत लावली आहे.

यातलं काहीही त्यांची नजर परत आणणार नाही. गेल्या तपासणीत थेंबांनी आजार थोपवून धरल्याचं दिसलं, एवढंच. पुढच्या तपासणीला काय निघेल याची धास्ती घरातल्या तिघांनाही असते. पण भिंतीवरचा त्यांचा हात सुटला आहे. सकाळी त्या बोळातून किनारीच्या कडेकडेने, हात मोकळे सोडून, देवासाठी फुलं काढायला गॅलरीत जातात. मी स्वयंपाकघरातून बघत असते, त्यांना न कळता.

तुमच्याकडे घराचं काम निघालं असेल तर एक करा. रंगाची फळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर जमिनीवर ठेवा. "आवडली का?" असं विचारू नका, कारण ते "तुम्हाला आवडेल ते घ्या" असंच म्हणणार. "दिसते का?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.